पळण्यामागची रात्र : बारा आठवड्यांच्या नोंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

गेलं वर्षभर माझं पळणं एकाच जागी अडकलंय. आठवड्याला चार दिवस, तीस किलोमीटर, त्यात एक वेगाचा दिवस आणि रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव. वय ४३, वजन ६१ किलो. बूट बदलून पाहिले, आराखडा बदलून पाहिला, मांड्यांचे आणि कमरेचे व्यायाम वाढवले. पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, तसूभर हलत नाही. आमच्या गटात एक काका आहेत, साठी ओलांडलेले, अजूनही पंधरा किलोमीटर सहज पळतात. परवा पळून झाल्यावर ते म्हणाले, "पोरी, मेहनत तू भरपूर करतेस. पण झीज भरून निघते ती रात्री. तुझ्या रात्रीचं काय?"

मी विषय बदलला, कारण उत्तर मला माहीत होतं. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार संध्याकाळी वाइनचा एक ग्लास. शनिवारी दोन-तीन. झोप कधी अकराला, कधी साडेबाराला. सकाळचा गजर मात्र ठरलेला.

म्हणून हा प्रकल्प. बारा आठवडे पळण्याच्या आराखड्याला हात लावायचा नाही : तेच दिवस, तेच अंतर, तीच वाट. बदलायच्या फक्त रात्री, आणि त्याही एकेक करून, म्हणजे कशामुळे काय झालं ते निवडून काढता येईल. पहिले चार आठवडे काहीही न बदलता नुसतं लिहायचं. मग तीन आठवडे फक्त झोपेची वेळ पाळायची, वाइन आहे तशी. शेवटचे पाच आठवडे वाइन पूर्ण बंद.

मोजायच्या गोष्टी दोन. एक, सकाळी डोळे उघडल्यावर, उठून बसण्याआधी, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण साठ सेकंद नाडी. दुसरी, दर बुधवारी पहाटे सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर, छातीला पट्टा लावून, ठोके मिनिटाला १४५ च्या वर जाऊ न देता. १४५ आले की वेग कमी करायचा, मग लागेल तेवढा वेळ लागू दे. यात जिद्दीने जोर लावून आकडा सुधारता येत नाही, म्हणूनच तो निवडला. तेवढ्याच ठोक्यांत शरीर मला किती पुढे नेतं, एवढंच त्यातून कळतं.

घड्याळ झोपेचे टप्पे रंगीत पट्ट्यांत दाखवतं, ते इथे लिहिणार नाही. मनगटावरचं यंत्र एकूण झोप बऱ्यापैकी सांगतं, पण गाढ झोप कोणती आणि स्वप्नांची झोप कोणती हे त्याला नीट ओळखता येत नाही. त्यासाठी डोक्याला तारा जोडून मेंदूच्या लहरी नोंदाव्या लागतात.

बुधवार, ८ जानेवारी

३८:१० (मिनिटं:सेकंद). सकाळची नाडी ६१. इथून सुरुवात.

शुक्रवार, १० जानेवारी

"एक ग्लास" असं वहीत लिहिताना हात थांबला. एक ग्लास म्हणजे किती? आज नेहमीसारखा ग्लास भरला, आणि प्यायच्या आधी तो मापाच्या भांड्यात रिकामा केला. २२० मिलिलिटर. पुस्तकात आणि सल्ल्यांमध्ये वाइनचा ग्लास साधारण १५० चा धरतात. भांड्यावरच्या रेघेकडे मी दोनदा वाकून पाहिलं, कारण मला मनापासून वाटत होतं की मी बेताचाच ओतते. मोठ्या पोटाच्या ग्लासात २२० म्हणजे अर्ध्याच्याही खाली दिसतं. हात डोळ्याच्या अंदाजानेच चालतो.

बाटलीवर १३ टक्के लिहिलंय. २२० मिलिलिटरमध्ये शुद्ध अल्कोहोल २८.६ मिलिलिटर. ते पाण्याहून हलकं, मिलिलिटरला सुमारे ०.७९ ग्रॅम, म्हणजे साडेबावीस ग्रॅम. दीडशेच्या ग्लासात हेच साडेपंधरा झाले असते. तर माझा एक ग्लास म्हणजे जवळजवळ दीड ग्लास होता, आणि कित्येक वर्षं होता.

ग्लासाला बाहेरून १५० वर चिकटपट्टी लावून ठेवलीय. सध्या मात्र पहिला टप्पा आहे, सवय आहे तशीच ठेवायची, त्यामुळे पट्टीच्या वर ओतलं. नवरा बघत होता. "हे सगळं कशाला?" म्हणाला. मी म्हटलं, "मोजल्याशिवाय मला पटायचं नाही."

बुधवार, १५ जानेवारी

३७:५०. नाडी ६०. सोमवारी आणि मंगळवारी झोप चांगली झाली होती, मंगळवारचा ग्लास कामामुळे राहून गेला. एका आकड्यावरून काही म्हणायचं नाही.

रविवार, १९ जानेवारी

काल मित्रमंडळींबरोबर बसणं झालं. साडेआठला सुरुवात, शेवटचा ग्लास पावणेबाराला. तीन ग्लास, माझ्या मापाचे. साडेबाराला पाठ टेकली आणि मिनिटभरात झोप लागली. याच गोष्टीमुळे मी इतकी वर्षं समजत होते की वाइनने मला झोप छान लागते.

तीन वाजून दहा मिनिटांनी जाग आली. एकदम, कुणी हाक मारल्यासारखी. तोंड कोरडं, जीभ टाळूला चिकटलेली. पांघरूण मी झोपेतच पायांनी बाजूला सारलं होतं, तरी तळपाय गरम आणि मानेखाली उशीला ओल. डाव्या कुशीवर होते, तर कानात स्वतःचे ठोके ऐकू येत होते, उशीच्या आतून कुणी बोटाने वाजवावं तसे. अंधारात मनगट धरलं आणि घड्याळाच्या काट्यावर मोजलं : साठ सेकंदांत ८४. मी आडवी, स्थिर, खोलीत थंडावा, आणि हृदय मात्र जिना चढत असल्यासारखं. बाथरूमला जाऊन आले, पाणी प्यायले, परत पडले. पावणेपाचपर्यंत छताकडे बघत होते.

यातलं प्रत्येक लक्षण आज शोधून समजून घेतलं. अल्कोहोल मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देतं आणि जागं ठेवणाऱ्या यंत्रणेला दाबतं, म्हणून झोप लवकर लागते. ते रक्तातून ओसरू लागलं की दाबलेली यंत्रणा उसळी घेते, म्हणून रात्रीचा दुसरा भाग फाटतो. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून उष्मा आणि घाम. मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन कमी स्रवतं, म्हणून लघवी आणि कोरडं तोंड. आणि पहाटेपर्यंत हृदय दिवसाच्या चालीवर राहतं.

सकाळची नाडी ६९. लाँग रन १४ चा होता, पावणेसहाला निघाले. दुसऱ्या किलोमीटरलाच ठोके १४५ वर गेले. नवव्याला चालायला लागले. काका पुढे होते, वळून आले, काही विचारलं नाही, माझ्याबरोबर चालत राहिले.

मंगळवार, २१ जानेवारी

शनिवारचा हिशेब. तीन ग्लास, ६६० मिलिलिटर, जवळपास ६८ ग्रॅम. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम निकाली काढतं, आणि ते आपल्याच चालीने चालतं. कॉफी, गार पाण्याची अंघोळ, व्यायाम, कशानेही ते घाई करत नाही. "पळून घाम काढला की उतरते" हे मीही म्हणत आले, पण घामातून, श्वासातून आणि लघवीतून बाहेर पडतं ते थोडंसंच. ताशी ८ ग्रॅम धरले तर साडेआठ तास, ७ धरले तर पावणेदहा. साडेआठला पहिला घोट, म्हणजे पहाटे पाच ते सव्वासहा. पावणेसहाला बुटांची नाडी बांधत होते तेव्हा शेवटचे काही ग्रॅम रक्तात असण्याची चांगलीच शक्यता होती. हे वाक्य लिहून झाल्यावर बराच वेळ मी पुढे काही लिहू शकले नाही. रविवारी सकाळी मी कित्येकदा गाडी चालवत मैदानावर गेलेय.

६८ ला ६१ ने भागलं, किलोमागे १.१ ग्रॅम. फिनलंडमध्ये ४,०९८ नोकरदारांच्या झोपेतल्या हृदयगतीच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. झोपेच्या पहिल्या तीन तासांत शरीर किती सावरतं हे त्यांनी, एकाच माणसाच्या पिण्याच्या आणि न पिण्याच्या रात्री शेजारी ठेवून, मोजलं. किलोमागे ०.२५ ग्रॅमपर्यंत घेतल्यावरही सावरणं ९.३ टक्के अंकांनी घटलं, ०.७५ पर्यंत २४, आणि त्यावर ३९.२. नियमित व्यायाम करणाऱ्यांनाही यात सूट मिळालेली दिसली नाही. माझा शनिवार सगळ्यात वरच्या गटात बसतो. मंगळवारचा तो निरुपद्रवी एकच ग्लास, किलोमागे ०.३७, मधल्या गटात.

आणखी एक गोष्ट बायकांनी लक्षात ठेवावी अशी. त्याच वजनाच्या पुरुषापेक्षा आपल्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो, त्यामुळे तेवढ्याच वाइनने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. मित्रमंडळींत सगळ्यांच्या बरोबरीने ग्लास भरायचा, हा हिशेबच चुकीचा आहे.

बुधवार, २२ जानेवारी

३८:४०. नाडी ६३. शनिवारला चार रात्री उलटून गेल्या. पण सगळा दोष त्या रात्रीवर टाकता येणार नाही : पाळी दोन-तीन दिवसांवर आलीय, आणि पाळीच्या आधीच्या दिवसांत विश्रांतीची नाडी दोन-चार ठोक्यांनी वर असतेच. वहीत आता पाळीच्या दिवसांचाही रकाना. इतकी वर्षं पळताना मी हा रकाना कधीच ठेवला नव्हता, याचं आज वाईट वाटलं. कित्येक "खराब" दिवस खराब नव्हतेच.

रविवार, २ फेब्रुवारी

पहिला टप्पा संपला. २९ तारखेचा आकडा ३८:०५, चार बुधवारांची सरासरी ३८:११.

एका आठवड्याचं अल्कोहोल : सहा ग्लास, १३५ ग्रॅम. ब्रिटनमध्ये एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम आणि २०१६ पासून तिथला सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या आतच राहण्याचा आहे. माझी १७ भरतात. स्वतःला मी "कधीमधी घेणारी" समजत होते.

ग्रॅमला ७ कॅलरी धरल्या तर अल्कोहोलमधूनच साडेनऊशे. पळताना किलोवजनामागे आणि किलोमीटरमागे ढोबळ एक कॅलरी खर्च होते, तीस किलोमीटरला अठराशे. म्हणजे निम्मं पळणं वाइन फेडण्यात गेलं. वजनाचा काटा का हलत नव्हता, हे कोडं इतकं साधं होतं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

दुसरा टप्पा. रोज रात्री दहाला दिवा बंद, सव्वापाचला उठायचं, शनिवार-रविवारसकट. वाइन आठवड्याला तेवढीच, पण बसायची वेळ अलीकडे आणायची.

गेल्या महिन्यातल्या वेळा मांडल्या. कामाच्या दिवशी अकरा ते साडेपाच, झोपेचा मध्य सव्वादोनला. शुक्रवारी रात्री साडेबारा ते शनिवारी साडेआठ, मध्य साडेचारला. सव्वादोन तासांची तफावत. टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली याला सोशल जेटलॅग असं नाव दिलं. म्हणजे विमानात न बसता दर आठवड्याला दोन देश ओलांडून परत यायचं. शनिवारी रात्री मग पाच तासही झोप नाही, कारण रविवारी लाँग रन. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये मिळून सांगितलेला आकडा प्रौढांसाठी सात तास किंवा अधिक, आणि तोही रोजचा. माझी पूर्ण आठवड्याची सरासरी सहा तास दहा मिनिटं होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कालचा बुधवार ३७:२०, नाडी ५८. (५ तारखेला ३८:००.) दहा रात्रींत एवढं होईल असं वाटलं नव्हतं. त्याहून जास्त जाणवतोय तो दुपारचा फरक : तीनच्या सुमाराला डोळे मिटायचे ते थांबलं. संध्याकाळच्या वेगाच्या दिवशी पाय स्वतःहून उचलले गेले.

साडेनऊला अजून झोप येत नाही. साडेनऊनंतर पडदे बंद, मोठे दिवे बंद. सकाळी उठल्या उठल्या बाहेर उजेडात जायचं, हा उपाय सगळ्यात लागू पडला. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं आणि रात्री झोप वेळेवर येते.

रविवार, १६ फेब्रुवारी

मुद्दाम केलेली चाचणी. काल तेवढेच तीन ग्लास, पण सहाला सुरुवात करून साडेसातला संपवले. दहाला झोपले.

सव्वाएकला जाग आली, तशीच कोरड्या तोंडाने. पण पुन्हा झोप लागली, साधारण तीननंतर शांत. सकाळची नाडी ६४ (त्या दिवशी ६९ होती). १४ किलोमीटर पूर्ण झाले, शेवटचे तीन जड गेले. वेळ अलीकडे आणल्याने जाग अलीकडे आली आणि त्रास कमी झाला, संपला मात्र नाही. शरीराला ते ६८ ग्रॅम निकाली काढायचेच होते. कामाची वेळ तेवढी बदलली.

नवऱ्याने सकाळी सांगितलं, "काल तू घोरत होतीस. वाइनच्या रात्रीच घोरतेस." अल्कोहोलने घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट अरुंद होते. इतकी वर्षं त्याने हे कधी सांगितलं नव्हतं, मला वाईट वाटेल म्हणून.

बुधवार, १९ फेब्रुवारी

३७:३५, नाडी ६०. पाळीआधीचे दिवस. टप्प्याची सरासरी ३७:३८. झोपेच्या वेळेने एकटीने ३३ सेकंद दिले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आजपासून वाइन बंद, ३० मार्चपर्यंत.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिते, कारण ही वही कुणी मैत्रीण वाचेल. मी आठवड्यातून चार दिवस घेत होते. जे रोज आणि भरपूर घेतात त्यांनी असं एका दिवसात तोडू नये. थरथर, झटके, भ्रम असा जिवावर बेतणारा त्रास होऊ शकतो. आधी डॉक्टरांशी बोलायचं, मग थांबवायचं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

झोप येत नाही. चार रात्री झाल्या. दहाला दिवा बंद, अकरा-साडेअकरापर्यंत कूस बदलणं. कालचा बुधवार ३७:४०, नाडी ५९. मनात येतंच की एक ग्लास घेतला असता तर मिनिटभरात झोपले असते.

पण तीही खात्रीची गोष्ट नाही. सलग काही रात्री घेतली की झोप आणायचा गुण उतरू लागतो, आणि रात्रीचा दुसरा भाग मात्र तेवढाच फाटत राहतो. मग तीच झोप मिळवायला ग्लास भरतो जास्त. माझा दीडशेचा ग्लास २२० चा कसा झाला याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

रविवार, २ मार्च

या प्रकल्पातलं सगळ्यात अवघड काम कोणतं, हे आज कळलं. वाइन सोडणं अवघड गेलं नाही. संध्याकाळी साडेआठची ती वेळ अवघड गेली. दिवसभराचं सगळं संपल्यावर नवरा आणि मी समोरासमोर बसायचो, ग्लास भरायचो, आणि मगच खरं बोलणं सुरू व्हायचं. या आठवड्यात ग्लास नाही तर बसणंही नाही. तो हॉलमध्ये, मी आत. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

काल मीच त्याला म्हटलं, "मला तो तास हवाय. ग्लास नकोय." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं तुला आता माझ्याबरोबर बसायचंच नाहीये." हे ऐकून गलबलून आलं. कुठल्याही आराखड्यात ही ओळ नसते. आम्ही बसलो, मी सोडा घेतला, त्याने त्याची वाइन. साडेनऊपर्यंत बोललो. रात्री मला झोपही लागली, पहिल्यांदाच सव्वादहाच्या आत.

मंगळवार, ४ मार्च

स्वप्नं. लांबलचक, रंगीत, पहाटे आठवणारी. अल्कोहोल रात्रीच्या पहिल्या भागातली स्वप्नांची झोप दाबून टाकतं, आणि ते थांबलं की मेंदू ती झोप भरभरून वसूल करतो. रात्री जाग आली नाही, सलग दुसऱ्यांदा.

बुधवार, १२ मार्च

५ तारखेला ३६:५५, आज ३६:३०. नाडी ५५. ही वही सुरू केली तेव्हा ६१ होती.

आजच्या धावेत एक गोष्ट घडली ती जशीच्या तशी लिहून ठेवते. तिसऱ्या किलोमीटरला एक हलका चढ आहे, अगदी थोडा, चालताना कळणारही नाही इतका. तिथे दर वेळी पट्टा १४५ दाखवायचा आणि मी पावलं आखडती घ्यायचे. आज तो चढ संपला तेव्हा मनगटाकडे पाहिलं, १४१. चार ठोके शिल्लक. मी वेग वाढवला आणि ठोके तेवढेच राहिले. आकडा जाऊ दे, पण स्वतःच्या छातीत जागा मोकळी झाल्याची ती जाणीव मला वर्षभरात झाली नव्हती.

रात्री नेमकं काय होतं, हे आता माझ्यासाठी महत्त्वाचं झालंय. पळताना आपण स्नायू फक्त मोडतो. बांधणी नंतर होते, आणि तिचा मोठा भाग झोपेत. रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत वाढीच्या संप्रेरकाची मोठी लाट येते. वाइनच्या रात्री पहिल्या भागात गाढ झोप वाढलेली दिसते, त्यामुळे फसायला होतं, पण संप्रेरक दबलेलं राहतं. २०१४ सालच्या एका प्रयोगात आठ पुरुषांना व्यायामानंतर प्रथिनांबरोबर अल्कोहोल दिलं, तर स्नायूंमधली प्रथिनबांधणी नुसत्या प्रथिनांच्या तुलनेत २४ टक्क्यांनी कमी भरली. मात्र तिथलं प्रमाण किलोमागे दीड ग्रॅम होतं, माझ्या शनिवारपेक्षाही जास्त, आणि सगळे पुरुष. ते २४ टक्के मी स्वतःला लावून घेणार नाही. दिशा मात्र पटते.

रविवार, १६ मार्च

१४ किलोमीटर, चालायला न लागता. काका शेजारी. त्यांनी १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकची गोष्ट सांगितली : मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला वाटेत त्याच्या माणसांनी अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिकनीन नावाचं विषारी उत्तेजक पाजलं होतं. तीन तास २८ मिनिटं ५३ सेकंदांनी तो पोचला तो जवळजवळ कोसळतच. "तेव्हा लोकांना वाटायचं ब्रँडीने ताकद येते," काका म्हणाले, "आमच्या तरुणपणीही वाटायचं. मी वयाच्या पन्नाशीपर्यंत तेच समजत होतो." पहिल्यांदाच ते स्वतःबद्दल बोलले. सहा जानेवारीच्या आधी त्यांनी मला तो प्रश्न का विचारला असेल, हे आता समजलं.

बुधवार, १९ मार्च

३६:३५, नाडी ५८. पाळीआधीचे दिवस, अपेक्षितच. जानेवारीतल्या याच दिवसांत ३८:४० होते.

बुधवार, २६ मार्च

३५:५०. नाडी ५४. किलोमीटरला ७:१०. पहिल्या बुधवारी ७:३८ होते.

आता प्रामाणिकपणे. बारा आठवडे सलग, एकही दिवस न चुकवता पळल्याचा यात वाटा आहेच, आणि मोजमाप ठेवणारी व्यक्ती एकच, मी. झोप आणि वाइन यांचे वाटे मी कागदावर वेगळे केले, पण ते शरीरात पूर्ण वेगळे होत नाहीत : वाइन थांबली म्हणून झोप सुधारली, झोप सुधारली म्हणून पळणं सुधारलं. तरीही गेलं वर्षभर मी हेच तीस किलोमीटर पळत होते आणि काहीच हललं नव्हतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अकरा बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला लावलं तेव्हा त्यांचा धावण्याचा वेग आणि बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची अचूकता दोन्ही सुधारली, हा २०११ चा अभ्यास वाचताना मला पूर्वी तो खेळाडूंचा विषय वाटायचा.

रविवार, ३० मार्च

बारा आठवडे पूर्ण. १४ किलोमीटर, नाडी ५४.

पुढे काय करायचं ते ठरवलं. दहाची वेळ कायम. आठवड्यातल्या तीन संध्याकाळचे ग्लास कायमचे बंद, ते मला आठवतही नाहीत. शनिवारचं काय, यावर बराच विचार केला. पळणं हे एकच कारण असतं तर कदाचित मी काही तडजोड काढली असती. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच अल्कोहोलयुक्त पेयांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांनी माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालंय अशा गोष्टींत, टाकलंय, नंतर त्यांच्या यादीत स्तनाचा कर्करोगही आला, आणि २०२३ मध्ये संघटनेने सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही असं सांगितलं. माझ्या मावशीला तो झाला होता. तेव्हा कुणी तिला हे सांगितलं नव्हतं.

कधीतरी एखादा, चिकटपट्टीपर्यंत, सातच्या आत. तोही हवासा वाटला तरच.

रविवार, ६ एप्रिल

काल मैत्रिणीचा वाढदिवस. एक ग्लास, १५० चा, साडेसहाला. तीन वाजता जाग आली नाही. सकाळची नाडी ५७, नेहमीपेक्षा तीनने वर. १४ किलोमीटर बरे झाले. पूर्वी तीन ठोके माझ्या लक्षातही आले नसते.

सोमवार, ७ एप्रिल

सकाळी डोळे उघडून मनगट धरलं, तर शेजारून आवाज आला, "थांब, माझीही मोज." त्याने हात पुढे केला. मी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत साठपर्यंत गेले. ७६. तो म्हणाला, "जास्त आहे का?" मी म्हटलं, "काल रात्री किती ओतलीस?" तो म्हणाला, "मोजली नाही."

वहीत उजवीकडे दुसरा रकाना आखलाय.